छात्रसेवाकालाला निघालात? फोन आधी स्वतःकडे वळवा

माझ्या बी.एड.च्या वर्षी ‘बाष्पीभवन’ या घटकावर मी बावीस स्लाइड्स करून नेल्या होत्या. प्रोजेक्टर कॉलेजचा, लॅपटॉप चुलतभावाचा. चौथ्या स्लाइडला लाइट गेली. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “बाई, लाइट गेली की ओ,” जणू मला दिसलंच नव्हतं. खडू मी नेला नव्हता. उरलेला तास काय बोलले ते आज आठवत नाही. शेवटच्या बाकावर बसलेल्या मेथडच्या (अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या) मॅडमनी निरीक्षण वहीत लिहिलेले दोन शब्द मात्र आठवतात: “फळा कोरा.”

आता दर वर्षी शेवटच्या बाकावर मी असते आणि फळ्यापाशी छात्राध्यापक, म्हणजे छात्रसेवाकालात शाळेत शिकवायचा सराव करायला आलेले भावी शिक्षक. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा, सहावी ते आठवीचं विज्ञान. येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी जे तोंडी सांगते ते एकदाचं लिहून काढते आहे. बी.एड. असो की डी.एल.एड., पहिल्यांदा वर्गात उभं राहणाऱ्यांसाठी हे आहे. जुन्या जाणत्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

पहिली पायरी: लेसनच्या आधी शाळा बघून या

पाठ टाचण (तासाचं लेखी नियोजन) काढायला बसण्याआधी एक फेरी मारा. आपल्याला मिळणारा वर्ग कोणता, प्लग कुठे आहे आणि त्यात करंट येतो का (वर्गातला प्लग पांढरा दिसतो म्हणजे चालू असतो असं नाही), टीव्ही आहे की प्रोजेक्टर, त्याला एचडीएमआय केबल लागते की जुनी निळी व्हीजीए, लाइट साधारण कधी जाते, हे सगळं शिपाईमामांना विचारा. मुख्याध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात आपल्याकडे बऱ्याच शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. त्यातले काही संच अजून छान चालतात, काहींवर शेवटचं बोट कधी लागलं ते धुळीवरून कळतं. खिडक्यांना पडदे नसतील तर दुपारच्या उजेडात पडद्यावर काहीही दिसत नाही. आम्ही खिडकीला चादर लावतो. सोलापुरात आणखी काय लावणार?

पण या फेरीत बघायची खरी गोष्ट वेगळी आहे. मुलं घरी काय बोलतात ते ऐका. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं व्हरांड्यात उभं राहिलं तरी पुरतं. आमच्याकडे घरी तेलुगू बोलणारी मुलं पुष्कळ आहेत. अक्कलकोटकडच्या शाळांत कन्नड भेटेल, काही वस्त्यांत उर्दू. यातली बरीच मुलं शाळेत मराठी माध्यमात बसतात. मागच्या वर्षी एक छात्राध्यापिका ‘बाष्प म्हणजे काय’ हे तीन वेगवेगळ्या वाक्यांत सांगत होती आणि वर्ग तिच्याकडे नुसता बघत होता. शेवटी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, “आविरि.” तेलुगूत वाफेला आविरि म्हणतात. ते ऐकून पलीकडचा कन्नड घरातला मुलगा म्हणाला, “आमच्यात आवि.” बाईंनी तिन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले: वाफ, आविरि, आवि. त्यानंतर तो तास आपोआप चालला. कुठलंही ॲप हे करून देणार नाही. आधी हे कान लागतात.

दुसरी पायरी: धडा कुठे अडतो ते शोधा, मग साधन

नवे लोक उलटं करतात. ‘मला पाठात आयसीटी (संगणक, मोबाइल वगैरे तंत्रज्ञान) दाखवायचं आहे’ इथून सुरुवात करतात आणि मग त्याला शोभेल असा घटक शोधतात. असं करू नका. घटक घ्या आणि स्वतःला विचारा, मुलाला यातलं नेमकं काय पटणार नाही?

बाष्पीभवनाचंच घेऊ. मुलांची पक्की समजूत असते की पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही. धडा अडतो तो इथे. यावर पहिला उपाय फुकटचा आहे. दोन सारखे पातळ हातरुमाल सारख्याच पाण्यात भिजवायचे. एक दोरीवर पसरायचा, दुसऱ्याचा बोळा करून टेबलावर ठेवायचा. मार्चच्या सोलापुरात तास संपेपर्यंत पसरलेला रुमाल जवळजवळ कोरडा होतो, बोळा ओलाच राहतो. हात लावून बघायला चार मुलांना पुढे बोलवा. ज्यांचे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत ती मुलं इथे बोलायला लागतात, जाड कापड, पातळ कापड, ऊन, वारा सगळं काढतात. पृष्ठफळ, तापमान आणि वारा हे तीन घटक त्यांच्याच तोंडून आले, तुम्ही फक्त फळ्यावर मांडायचे.

रुमालातलं पाणी उकळलं नाही, तरी गेलं. कसं? याचं उत्तर रुमालात दिसत नाही, कारण कण दिसत नाहीत. आता पडदा लावायची वेळ झाली. कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत संचात पदार्थाच्या अवस्थांचं एक सिम्युलेशन आहे. हा प्रकल्प २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी सुरू केला, आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. डब्यात पाण्याचे कण निवडायचे आणि खालचा पट्टा सरकवून तापवत न्यायचं. कण आधी जागच्या जागी थरथरतात, मग एकमेकांवरून घसरतात, मग सुटे होऊन डबाभर उधळतात. इथे थांबून मुलांना सांगा की सगळे कण सारख्या वेगाचे नसतात. रुमालावरच्या पाण्यातही काही कण जोरात असतात आणि पृष्ठभागावरचे तसले कण न उकळताच निसटतात. एवढंच. सिम्युलेशन चार मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाकीचा तास रुमालाचा.

ज्या ठिकाणी डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही किंवा वर्गात आणता येत नाही, तिथेच पडदा. सोलापुरात भुईकोट किल्ल्याचा व्हिडिओ दाखवणारा एक छात्राध्यापक मी पाहिला आहे. शाळेतून किल्ला चालत वीस मिनिटांवर होता.

तिसरी पायरी: मोजकी साधनं, नीट

पहिल्या वर्षी तीनच्या वर साधनांना हात लावू नका. माझी निवड अशी.

फेटचं सांगितलं. त्याची खुबी अशी की सिम्युलेशन एकदा डाउनलोड केलं की इंटरनेट नसतानाही लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडतं. घरून उतरवून न्या. वर्गात उभं राहून हॉटस्पॉट जोडत बसू नका, तेवढ्यात वर्ग हातचा जातो. गणितवाल्यांनी याच जागी जिओजेब्रा हे आकृत्या-आलेखांचं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं.

दुसरं, प्लिकर्स. मुलांकडे फोन नसलेल्या वर्गासाठी याच्याइतकं चपखल दुसरं काही मला सापडलेलं नाही. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. त्यावर काळ्या चौकटीचं चित्र असतं, क्यूआरसारखं पण ठसठशीत, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही पुढून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते पडद्यावर येतं. शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणं अवघड, कारण प्रत्येकाचं चित्र वेगळं असतं आणि अक्षरं बारीक. एक सूचना: कार्डं साध्या कागदावर छापा, लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड चकचकीत कार्डावर पडला की कॅमेऱ्याला काही वाचता येत नाही. मी चाळीस कार्डं हौसेनं लॅमिनेट करून आणली आणि मग साध्या कागदावर पुन्हा छापली.

तिसरं, क्यूआर कोड. यावर सोलापूरकरांनी थोडं जास्त बोलायला हरकत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकली. त्यांचं नाव निघालं की लोक ‘क्यूआर कोडवाले सर’ म्हणतात. पण त्यांच्या कामाची सुरुवात मुलांच्या घरच्या भाषेपासून झाली होती. पुस्तक मुलांच्या भाषेत नाही हे पाहून त्यांनी मजकूर मुलांच्या मातृभाषेत नेला आणि कविता, गोष्टी, व्हिडिओ यांना जोडणारे कोड पुस्तकात घातले. म्हणजे आधी आविरि, मग कोड. आता बालभारतीच्या पुस्तकांतच कोड छापलेले असतात आणि ते दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर उघडतात. लेसनच्या आधी आपल्या धड्याचा कोड स्वतः स्कॅन करून बघा, त्यामागे काय आहे ते पूर्ण पाहा आणि उपयोगाचं असेल तरच वापरा.

स्वतःचा कोड करायचा तर: फोनवर दोन मिनिटांचा ऑडिओ रेकॉर्ड करा, ड्राइव्हवर टाका, ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ ही परवानगी द्या. ही पायरी दहातले नऊ जण विसरतात, आणि मग रात्री पालकांच्या परवानगीच्या विनंत्या येत राहतात. मग क्रोममध्ये ती लिंक उघडून शेअरच्या यादीतूनच क्यूआर तयार करा. ‘फ्री क्यूआर’ म्हणणाऱ्या काही साइट्सचे कोड चाचणीची मुदत संपली की बंद पडतात. भिंतीवर चिकटवलेला तक्ता जागेवर राहतो आणि कोड मरतो.

चौथी पायरी: लाइट जाणार आहे असं धरूनच टाचण लिहा

टाचणाच्या समासात एक आडवी रेघ मारा आणि तिथे लिहा: ‘लाइट गेल्यास’. त्याखाली दोन ओळी पुरेत. कणांच्या सिम्युलेशनऐवजी आठ मुलांना पुढे बोलवून खेटून उभं करायचं, मग थोडं सैल, मग वर्गभर. सहावीला हे पडद्यापेक्षा जास्त आवडतं, गोंधळ मात्र होतो. पिशवीत खडू, डस्टर, एक्स्टेंशन बोर्ड, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, पेनड्राइव्ह. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते तेव्हा पहिले दोन तास मागून घ्या. पत्र्याखाली दहानंतर प्रोजेक्टरचा पंखा आणि तुम्ही, दोघांनाही धाप लागते.

पाचवी पायरी: फोन स्वतःकडे

हा लेख मी लिहायला घेतला तो खरं तर या पायरीसाठी.

छात्राध्यापकाच्या हातातलं सगळ्यात उपयोगी यंत्र पडद्याला जोडलेलं नसतं. ते खिशात असतं आणि त्यातलं रेकॉर्डर हे साधं ॲप कोणी उघडत नाही. लेसन सुरू होताना फोन फ्लाइट मोडवर टाका, रेकॉर्डिंग चालू करा आणि टेबलावर पालथा ठेवा. फक्त आवाज हवा, व्हिडिओ नको. मुख्याध्यापकांना आधी विचारा. घरी जाऊन ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही, दोन मिनिटांत बंद करावंसं वाटतं. मी माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा तीस मिनिटांत तेवीस वेळा ‘समजलं का?’ म्हणाले होते, आणि तेवीसही वेळा वर्गानं एका सुरात ‘हो’ म्हटलं होतं.

वहीत तीन रकाने आखा: मी विचारलेला प्रश्न, किती सेकंद थांबले, उत्तर कोणी दिलं. दुसरा रकाना भरताना घड्याळ लावा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं कमी होतात आणि एरवी न बोलणारी बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गात उभं राहून मोजा, मग कळेल. मी मनातल्या मनात ‘सिद्धेश्वर महाराज की जय’ म्हणते, तेवढ्यात होतात.

ज्या मुलांच्या डोक्यात प्रश्न आधी मराठीतून तेलुगूत जातो आणि उत्तर उलट्या वाटेनं परत येतं, त्यांच्यासाठी हे तीन सेकंद म्हणजे सगळा तास आहे.

तुमच्या कॉलेजात सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांचा छोटा सराव-पाठ) होतं तेव्हा याची रंगीत तालीम करून घ्या. ही पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडचं चक्र छत्तीस मिनिटांचं असतं: सहा मिनिटं शिकवणं, सहा प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), बारा पुनर्नियोजन, सहा पुन्हा शिकवणं, सहा पुन्हा प्रत्याभरण. बहुतेक जण पहिली सहा मिनिटं उरकतात आणि बाकीचं फाइलमध्ये ‘भरतात’. खरं काम त्या मधल्या बारा मिनिटांत आहे. तिथे रेकॉर्डिंग ऐका.

सहावी पायरी: ‘माझा स्वभावच शिक्षकाचा नाही’

हे वाक्य दर वर्षी कोणीतरी म्हणतं, बहुतेक दुसऱ्या आठवड्यात, बहुतेक स्टाफरूमच्या दाराशी. हल्ली त्याला पुरावाही जोडलेला असतो: फोनवर दिलेली चाचणी, चार इंग्रजी अक्षरं आणि ‘बाई, मी इंट्रोव्हर्ट निघाले’. त्या सोळा प्रकारांच्या चाचणीचा पाया कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी घातला. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तीच चाचणी काही आठवड्यांनी दिली तर अक्षर बदलणारे बरेच असतात. संशोधनात जास्त मानलं जातं ते पाच घटकांचं प्रारूप: खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द, भावनिक अस्थिरता. त्यात खाने नाहीत, पट्ट्या आहेत. प्रत्येक जण प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो.

दोन वर्षांपूर्वी आलेली एक मुलगी फार हळू बोलायची. मेथडच्या सरांनी तिच्या वहीत ‘आवाज वाढवा’ इतक्या वेळा लिहिलं होतं की शेवटी त्यांनी नुसतं ‘आ. वा.’ लिहायला सुरुवात केली. ती ओरडून बघायची, आवाज फाटायचा, मुलं हसायची. आम्ही तिचं रेकॉर्डिंग सोबत ऐकलं. शब्द हळू होते, पण वाक्य सुरू होताना ती प्रत्येक वेळी फळ्याकडे तोंड करून असायची. आवाज भिंतीला जात होता. तिनं दोनच बदल केले. लिहिताना बोलायचं नाही, आणि सूचना देताना तिसऱ्या बाकापर्यंत चालत जायचं. स्वभाव तोच राहिला. तिचं फलकलेखन इतकं देखणं होतं की मुलं तिच्या तासाला वहीत रंगीत पेन वापरायला लागली होती.

स्वभाव बदलायच्या मागे लागू नका. सवयी मोजा. कुठे उभे राहता, किती थांबता, कोणाकडे बघता, चिडल्यावर पहिला शब्द कोणता येतो, हे बदलता येतं. आणि पाणी प्या. सलग तीन तास घेतल्यावर घसा बसला की कुठलंच व्यक्तिमत्त्व उपयोगी पडत नाही.

सातवी पायरी: प्रमाणपत्रं आणि शिकणं

इथे दोन वेगळ्या रांगा आहेत, त्यांची गल्लत करू नका. पहिली नोकरीची. महाटीईटीचा (राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी, प्रत्येकी १५० गुण, खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० लागतात. त्यात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे ३० गुण असतात. छात्रसेवाकालात डोळे उघडे ठेवले तर त्यातले बरेच प्रश्न ओळखीचे वाटतात. त्यानंतर भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. त्याबद्दल क्लासवाले तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

दुसरी रांग शिकण्याची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. दीक्षा आणि स्वयं (सरकारी ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ), दोन्ही २०१७ पासून चालू आहेत आणि शिकण्यासाठी मोफत आहेत. अडचण अशी की लोक व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडतात आणि प्रमाणपत्र स्टेटसला लावतात. मीही लावलं आहे. एक नियम स्वतःला घालून घ्या: कोर्स संपला की पुढच्या आठवड्यात वर्गात एक गोष्ट वेगळी करायची, आणि ती झाल्याशिवाय पुढचा कोर्स उघडायचा नाही. केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला मार्गदर्शक शिक्षकांसोबत एकदा जाऊन बसा. भाषणं लांबतात, पण चहाच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक एकमेकांना जे सांगतात ते कुठल्या पोर्टलवर नाही.

राहिलेल्या दोन गोष्टी

एआयकडून टाचण लिहून घेणारे आता निम्मे तरी आहेत. घ्या, कोणी अडवत नाही, पण शेवटच्या बाकावर ते लगेच कळतं. गेल्या महिन्यात एका टाचणात ‘हिवाळ्यात अंगणातला बर्फ वितळताना आपण पाहतो’ असं होतं. सोलापुरात बर्फ गोळ्याच्या गाडीवर दिसतो. उदाहरणं स्वतःची घाला, शास्त्रीय संज्ञा बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून बघा, आणि काय विचारलं होतं तेही टाचणाच्या मागे लिहून ठेवा.

मुलांचे फोटो. लेसन छान झाला की सेल्फी काढून स्टेटसला टाकायचा मोह होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी असं तो कायदा म्हणतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मुलीचा फोटो अनोळखी माणसाच्या स्टेटसवर बघून आई शाळेत आली की तिला उत्तर मला द्यावं लागतं. फळ्याचा फोटो काढा. रेकॉर्डिंग ऐकून झालं की पुसून टाका.

छात्रसेवाकालाच्या शेवटच्या आठवड्यात निरीक्षण वहीची झेरॉक्स काढून घ्या, मूळ वही कॉलेज ठेवून घेतं. आणि जाताना वर्गातल्या टीव्हीच्या मागे हात घालून बघा. आजवरच्या तुकड्यांचे सात पेनड्राइव्ह माझ्या कपाटात पडून आहेत, त्यातल्या एकावर नेलपॉलिशनं ‘बाष्पीभवन’ लिहिलं आहे.